उजेडातला घाट

माझे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, महाबळेश्वरचा आंबेनळी घाट किती वेळा चढले-उतरले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण तो घाट त्यांनी पाहिला मात्र एकदाच. असं म्हटलं की लोकांना वाटतं, बाई थट्टा करतेय. थट्टा नाही. तात्या एका शेठचा टेम्पो चालवायचे. हिवाळा लागला की वरच्या वाड्यांमधून स्ट्रॉबेरी भरायची आणि पहाटेच्या आत तुर्भ्याच्या फळबाजारात आणून टाकायची, हे त्यांचं काम. या फळाला ऊन सोसत नाही. ऊन लागलं की स्ट्रॉबेरी रडते, असं तात्या म्हणायचे, म्हणजे तिला पाणी सुटतं आणि खोक्याच्या तळाला लाल डाग पडतात. म्हणून उतरायचं ते रात्री. चढायचं तेही अंधारातच, कारण दुपारपर्यंत झोप काढून, जेवून, रिकामे क्रेट भरून निघेपर्यंत ऊन कललेलं असायचं आणि पोलादपूर येईस्तोवर दिवे लागलेले असायचे. हिवाळा सरला की ते कांदे-बटाटे वाहायचे, तेव्हा त्या रस्त्याला जायचं कारणच नसे. आमचं गाव साताऱ्याकडचं, पण गावाची वाट पुण्या-वाईवरून. तेव्हा गाडीच्या दिव्यात हातभर रस्ता, कठड्याचा एखादा दगड आणि वरून लोंबणारी फांदी, एवढाच घाट माझ्या बापाच्या ओळखीचा होता.

आम्ही कोपरखैरण्याला राहायचो, बाजारात राबणाऱ्यांच्या बैठ्या घरांच्या ओळीत. एक खोली, मागं मोरी, पुढं हातभर ओटा. मधली भिंत इतकी पातळ की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आई आपल्या समजून मोजायची आणि आमची डाळ कच्ची राहायची. सकाळी गल्लीच्या तोंडाशी दोन आखूड हॉर्न वाजले की ती तवा चढवायची. तात्या घरात यायचे ते डिझेलचा आणि स्ट्रॉबेरीचा मिळून झालेला एक वास घेऊन. तो वास मला पुन्हा कुठे सापडला नाही, आणि दुकानातल्या गुलाबी आइस्क्रीमला तर तो मुळीच येत नाही. हातात वर्तमानपत्रात बांधलेली, मार लागलेली फळं असायची. माझ्या वर्गात सोसायट्यांमधल्या मुली होत्या, त्यांना वाटायचं आमची काय चैन आहे! आम्ही ती तिखटमीठ लावून भाकरीशी खायचो, आणि जानेवारी संपेपर्यंत आम्हाला त्यांचा कंटाळा आलेला असायचा. आई तर त्या फळाला शेवटपर्यंत फळ मानायला तयार झाली नाही. ‘आंबट बोरं ती, नुसता रंगाचा दिमाख,’ असं म्हणायची आणि तरी एकही वाया घालवायची नाही.

जेवताना तात्या आम्हाला घाट सांगायचे. माझा भाऊ बाळू तेव्हा सात वर्षांचा, मी दहावीत. एका वळणावर म्हणे वाघाचं डोकं आहे, कातळाचं, जबडा उघडलेला. पुढं एक झाड आहे, सात माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाही. एका ठिकाणी दरीत तळं आहे आणि पुनवेला चंद्र त्यात पडलेला दिसतो. बाळू घास तोंडात तसाच ठेवून ऐकायचा. अंधारात जाणारा माणूस हे सगळं कुठून आणतो, हा प्रश्न मला पडला नाही. मुलांना बापाच्या बाबतीत असे प्रश्न पडत नसावेत.

त्या हिवाळ्यात मात्र तात्यांचं काहीतरी बिनसलं होतं. दिवसा धड असायचे, पण सुटीच्या दिवशी घरी असले की सांजेला कुठं ना कुठं धडपडायचे. ओट्यावरची कळशी लाथाडली. गल्लीत लावलेल्या सायकलवर पडले. शेजारच्या बोनकोडे गावाहून पारूबाय मासळी घेऊन यायची आणि आमच्या कोपऱ्यावर पाटी मांडून बसायची. एका संध्याकाळी ती कमरेवर हात ठेवून आमच्या दारातच येऊन उभी राहिली.

‘वैनी, तुजा घरवाला सांजचा पिऊन हिंडतं का? माजे पाटीन पाय घातलान. सगली कोलबी रस्त्यान गेली!’

आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या माहेरी दारूनं एक घर बसलेलं होतं, तिच्या थोरल्या भावाचं, त्यामुळे या एका गोष्टीची तिला सगळ्यात धास्ती. तिनं पारूबायला आत बसवून चहा पाजला, आणि तात्या आले तेव्हा सरळ विचारलं, ‘पिताय व्हय तुम्ही?’

तात्या खाली बघत म्हणाले, ‘पिलो असंल.’

बस, एवढंच. त्या दिवसापासून आई त्यांना वाढायची, पण समोर बसायची नाही. ते झोपले की हळूच वाकून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. वास कधीच आला नाही, पण संशयाला वास लागत नाही. मी हे सगळं बघायची आणि मला तात्यांचा राग यायचा. आईनं विचारलं तेव्हा निदान नाही तरी म्हणायचं.

माझी मावशी महाबळेश्वरच्या अलीकडच्या एका वाडीत दिलेली. तिच्या मुलीचा साखरपुडा ठरला, रविवारी, भर दुपारचा. रविवारी बाजार बंद, त्यामुळे शेठनं टेम्पो दिला. एरवी समारंभ म्हटलं की पाय मागं घेणारे तात्या यावेळी आपणहून म्हणाले, ‘ह्या बारीला समदेच जाऊ. उजेडात चढायचं आन् उजेडातच घाट उतरायचा.’ हे त्यांनी तीन-चारदा सांगितलं. आईनं ट्रंकेतलं लुगडं काढून उन्हात टाकलं.

फटफटलं तसे निघालो. पुढं तात्या, मधे मी, खिडकीशी आई आणि तिच्या मांडीवर बाळू. पनवेल, पेण, माणगाव सगळं मी झोपेत काढलं. पोलादपूरला चहा प्यालो, तात्यांनी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि गाडी घाटाला लागली. आधी नुसती वाळकी कारवी आणि उघडे दगड. मग एकेक वळण घेत वर जावं तसा वारा गार होत गेला, माठावर गाल टेकवल्यासारखा. साग मागं राहिला. झाडं बुटकी, दाट आणि काळपट हिरवी झाली, जांभळाची, हिरड्याची. दोन्ही बाजूंनी ती रस्त्यावर इतकी झुकलेली की ऊन खाली पोचतच नव्हतं, नुसते कवडसे काचेवरून पळत होते. मधेच झाडी संपायची आणि एकदम दरी. डोंगरामागं डोंगर, त्यामागं आणखी डोंगर, शेवटचा तर आभाळ की डोंगर ते कळत नव्हतं. अंजनाला बहर आलेला होता. फांद्यांना बिलगून निळी-जांभळी फुलं, जणू झाडावर कुणी नीळ उडवली आहे.

‘तात्या, वाघाचं डोकं कुठाय?’ बाळूनं विचारलं.

‘म्होरं हाय.’

‘आन् तळं?’

‘ते बी म्होरंच.’

पुढं काही नव्हतं. म्हणजे त्यांनी सांगितलेलं काहीच नव्हतं. त्याच्याहून शंभरपट होतं. एका वळणावर तात्यांनी गाडी बाजूला घेतली, खाली उतरले आणि कठड्याच्या दगडाशी जाऊन दरीत डोकावले. आम्ही मागोमाग गेलो. तात्यांनी दगड दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

‘ह्या कडंनं जातू मी?’ ते आपल्याशीच म्हणाले. ‘हे असं हाय व्हय!’

मग ते दगडावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. बाळू माकडांना दगड मारत होता. तात्यांनी अंजनाची एक फुललेली डहाळी मोडली आणि आईपुढं धरली. कितीतरी दिवसांनी आई त्यांच्याकडे बघून हसली. ‘वास न्हाय हिला काय न्हाय,’ असं म्हणाली खरी, पण डहाळी अंबाड्यात खोचली. मी त्या दिवशी बघून बघून खूश झाले होते. मला वाटलं, बायकोपोरांना फिरवायला आणलं म्हणून तात्या असे सावकाश, दर वळणाला थांबत चालले आहेत. ते डोळे भरून घेत होते. माझ्या आयुष्यातला तेवढा एकच संबंध सुखाचा तास आहे आमच्या चौघांचा, आणि आता आठवला की आधी दगड घट्ट धरलेले त्यांचे ते हात आठवतात.

साखरपुडा झाला, पुरणपोळी झाली. तीन वाजता तात्या गाडीशी जाऊन उभे राहिले. पण संक्रांतीनंतरचे हळदीकुंकवाचे दिवस, आणि मुंबईकडची बहीण कितीतरी वर्षांनी वाडीत आलेली. एका घरचं कुंकू घेऊन दुसऱ्या घरचं कसं टाळणार? प्रत्येक उंबऱ्यात हळदीकुंकू, प्रत्येक उंबऱ्यात वाण, चहा, वर ‘बसा की वाईच.’ तात्या हॉर्न वाजवायचे. बायका हसायच्या, ‘दाजी लई घाई करत्यात.’ शेवटी मावशीनं ओटी भरायला घेतली आणि नारळच सापडेना. तात्या दारात येऊन आईवर असे ओरडले की सगळी वाडी गप्प झाली. चार लोकांत त्यांनी आईचा पाणउतारा केलेला मी तो एकदाच पाहिला. आईनं ओटी पदरात घेतली. निघालो तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं.

चढताना बाळूनं केबिनमध्ये ओकून ठेवलं होतं, म्हणून आई त्याला घेऊन मागं हौद्यात गोधडीवर बसली. म्हणजे तसं कारण होतं. खरं तर तिला तात्यांशेजारी बसायचं नव्हतं. पुढं आम्ही दोघंच. घाट सुरू झाला तेव्हा पश्चिमेकडे कोकणावर सूर्य टेकला होता, आणि पाच-सहा वळणांत तो गेला. झाडीत तर आधीच अंधारलं होतं.

‘सुने, म्होरं काय दिसतंय सांग बरं,’ तात्या म्हणाले.

मला वाटलं खेळ. ‘वळण आहे. उजवीकडं.’

‘आन् कठडा?’

‘डाव्या अंगाला. पांढरे दगड आहेत.’

‘किती लांब?’

‘आपल्या ओट्यापासून नळ आहे तेवढे.’

टेम्पो माणसाच्या चालीनं चालला होता. तात्या स्टिअरिंगवर ओणवे झाले होते, कपाळ जवळजवळ काचेला लागलेलं. मी म्हटलं, ‘तात्या, लाइट लावा की.’

‘लावल्यात.’

मी बाहेर बघितलं. खरंच लावलेले होते. समोरचं झाड, दगड, रस्त्यावरचा पाला, सगळं लख्ख दिसत होतं. तात्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी उभी केली.

‘मला न्हाय दिसत गं.’

मग ते हळू आवाजात बोलत राहिले, मागं ऐकू जाऊ नये म्हणून. गेल्या सालापासून असं होतंय. दिवस आहे तोवर सगळं दिसतं, दिवस बुडाला की पायपातून बघितल्यासारखं, आणि तो पायपही महिन्या-महिन्याला बारीक होतोय. मी विचारलं, मग रोज कसे येता? ‘मोजून,’ ते म्हणाले. कितवं वळण, कोणता गिअर, किती अंक म्हटले की चाक वळवायचं, हे सगळं त्यांनी पाठ केलं होतं. डोंगराच्या बाजूला इंजिनाचा आवाज अंगावर येतो आणि दरीच्या बाजूला तो निघून जातो, त्यावरून कड कळते.

‘मग आज पण मोजा ना.’

‘एकट्याचं काय न्हाय,’ तात्या म्हणाले. ‘आज मागं तुझी आई हाय.’

मला आधी भीती वाटली नाही, राग आला. ‘आईला वाटतंय तुम्ही पिता.’

‘वाटू दे. पिणाऱ्याला शेठ शिव्या देतोय, पर गाडी देतोय. आंधळ्याला कोण देणार?’

त्यानंतर तो घाट आम्ही दोघांनी मिळून उतरवला. मी सांगायचे आणि ते मोजायचे. ‘वळण.’ ‘अठरावं. डावं.’ ‘दगड जवळ आलेत तात्या.’ ‘आलं ध्यानात.’ मागून बाळूचं गाणं ऐकू येत होतं. एका वळणावर समोरून एसटी आली. तिचे दिवे काचेवर पडले आणि तात्यांनी डोळेच मिटून घेतले. मी स्टिअरिंग धरलं, ओरडले, आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात एक चाक घालून थांबली. एसटीवाला तोंडात येईल ते बोलत निघून गेला. मागून आईचा आवाज आला. ‘पिऊन चालवताय व्हय लेकरं घिऊन?’ मी तोंड उघडलं, पण तात्यांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

पोलादपूरला आई बाळूला घेऊन मोरीकडे गेली, तेव्हा चहाच्या टपरीमागं तात्यांनी माझा हात धरून आपल्या गळ्याला लावला. दाढीचे खुंट लागले. ‘शपथ घे माझ्या गळ्याची. कुणाला सांगायचं न्हाय. एवढा सीझन हू दे. तुझी दहावी हू दे. मग मीच सांगतू.’ मी शपथ घेतली. आमच्याकडे तेव्हा या गोष्टीला फार मान होता. ज्याच्या गळ्याची शपथ, ती मोडली तर त्याच्यावर बेतते. आणि ज्यानं घातली त्यानंच ‘सुटली’ म्हटलं तर ती सुटते, दुसऱ्या कुणाला ती सोडता येत नाही. शिकलेल्या लोकांना हसू येईल. मी पुढं बँकेत नोकरी केली, व्याजाची गणितं केली, आणि तरी आजही कुणाच्या गळ्याची शपथ घेत नाही.

खाली सपाटीला तात्या पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागं चालवत राहिले आणि आम्ही घरी पोचलो. पुढचे पाच आठवडे मी कसे काढले ते मलाच माहीत. ते ऊन कलल्यावर निघाले की माझं पुस्तकातलं लक्ष उडायचं. सकाळी दोन आखूड हॉर्न वाजेपर्यंत मी दात घासत ओट्यावर उभी राहायची. आई म्हणायची, दात झिजवतेस का कार्टे.

मग एका सकाळी मी पाण्याला निघाले असताना टेम्पोशी थांबले. डोंगराच्या बाजूचा आरसा तडकला होता आणि दारावर लांब ओरखडा होता. आरशाच्या दांडीत झाडाची एक डहाळी पिळून अडकलेली होती. अंजनाची. फुलं अजून ताजी होती. गाडी झाडीत घासत गेल्याशिवाय ती तिथं अडकणार नाही, आणि त्या रस्त्यावर एका बाजूला जशी झाडी तशी दुसऱ्या बाजूला दरी. मी डहाळी ओढून काढली आणि घरात गेले. तात्या भाकरी खात होते. त्यांना गाडी घासल्याचं कळलं होतं की नाही, देव जाणे. माझ्या हातातली डहाळी बघून हसले. ‘फुलं कुठली गं?’

मी शाळेच्या कपड्यांतच बाजारात गेले. शेठ गाळ्यात खोकी मोजत उभे होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘शेठ, तात्यांना अंधारात दिसत नाही.’ शेठ खोकी मोजायचे थांबले. वाईट माणूस नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, ‘कोण बोललं तुला?’ मी म्हटलं, ‘तेच.’ शेठनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, ‘घरी जा बेटा. अभ्यास कर.’

त्या रात्री शेठनं गाडी दुसऱ्या माणसाच्या हाती दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न वाजला नाही. दुपारी तात्या चालत आले. काखेत गोधडीची वळकटी, हातात पाण्याचा कॅन आणि केबिनमधली खंडोबाची तसबीर. ‘किल्ली दिली शेठला,’ ते आईला म्हणाले. ‘मला गाळ्यात बसवणार हाय, माल निवडायला. डोळं गेल्यात माझं, रातचं.’ आई खाली बसली आणि तोंडात पदर घालून रडायला लागली. ती काय आठवून रडत होती ते मला कळत होतं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. भर दुपार होती, दार उघडं होतं, मी त्यांना अगदी स्पष्ट दिसत असणार. मग ते वळले. तसबीर खिळ्याला लावून झोपले. मी दप्तर उचलून बाहेर पडले आणि अंधार पडेपर्यंत घरी आले नाही.

त्यानंतर तात्या पुष्कळ वर्षं जगले. आधी गाळ्यात बसून स्ट्रॉबेरी निवडायचे. हळूहळू दिवसाचंही दिसेनासं झालं, तेव्हा हातानं आणि वासानं निवडायचे, आणि शेठ म्हणायचे याच्यासारखी निवड कुणाची नाही. मग तेही सुटलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, घराण्यात चालत येतो म्हणाले, म्हणून दर वर्षी मी माझे आणि मुलाचे डोळे तपासून घेते. तात्या घरी खाटेवर बसून राहायचे. माझं लग्न झालं, मी नेरूळला आले, दर रविवारी माहेरी जायची. जायची, पण त्यांच्याजवळ बसायची नाही. जवळ बसलं की नजर त्यांच्या गळ्यावर जायची. सुरकुतलेला, खुंट वाढलेला, बोलताना वरखाली होणारा गळा. त्यांना नुसता खोकला झाला तरी मला वाटायचं, हे माझ्यामुळं. मोतीबिंदू, मधुमेह, पाय सुजला, सगळं मी माझ्या नावावर लिहून घेत गेले. कितीदा मनात आलं की विचारावं, तात्या, सुटली म्हणा. पण विचारायचं म्हणजे मी सांगितलं हे तोंडानं कबूल करायचं, आणि ते तर त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. मी दाराशी स्टुलावर बसून ‘बरं आहे ना’ एवढं म्हणायची. ते आवाजाच्या दिशेनं मान वळवायचे. ‘हाय की,’ म्हणायचे, आणि थोडा वेळ मान तशीच ठेवायचे.

तात्या गेले ते साध्या तापानं, चार दिवसांत. वय झालं होतं, लोक म्हणाले सुटले. त्या शब्दानं माझ्या अंगावर काटा आला.

दिवसपाणी उरकल्यावर पाहुणे पांगले आणि मी आईजवळ दोन दिवस राहिले. दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. मी तशीच, सवयीनं, दाराशी स्टुलावर. आई म्हणाली, ‘लई वाट बघायचं तुझी रविवारची. पर तू आपली लांबच. त्यांना वाटायचं आंधळ्या बापाची लाज वाटती पोरीला. मला म्हणायचं, मी तर कवाच सोडली, तरी पोरगी जवळ बसत न्हाय.’

‘काय सोडली?’

‘शपथ गं. कसली घातली हुती ते त्यांनी मला सांगितलं, किल्ली दिऊन आलं ना, त्याच सांजंला. तू घरात नव्हतीस. म्हणलं, सुनीला सांग, सुटली म्हणून. पोरगी उगा जिवाला लावून घेईल. बरं केलं म्हणलं तिनं, माझ्यानं झालं नसतं.’ आईनं ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला. ‘मी सांगितलं असंल की तुला. का ऱ्हायलं? त्या दिवसांत माझं डोकं कुठं ठिकाणावर हुतं.’

ते सांगायचं राहूनच गेलं होतं, हे मी तिला म्हटलं नाही. तिच्या वाट्याला तात्यांच्या तोंडाचा वास घेतलेल्या रात्री आहेत, तेवढ्या पुरे आहेत तिला. मी म्हटलं, ‘सांगितलं होतंस.’

मग मी उठले आणि त्यांच्या खाटेवर, उशाजवळ, जाऊन बसले. आईनं गादी उन्हात टाकलेली होती. खाली खाटेच्या नुसत्या पट्ट्या होत्या.